भुसभुशीत

मिनेसोटात स्नोमोबील चालवता येणं ही फुशारकी मारण्याची गोष्ट नाही. इथे बारा वर्षांची पोरं सुरक्षेचं प्रमाणपत्र काढून ती चालवतात. पण मराठी मंडळाच्या संक्रांतीला, बाकीचे पुरुष घराच्या कर्जाचे दर आणि मुलांचे कॉलेज-प्रवेश यांत बुडालेले असताना, पन्नाशी ओलांडलेला एखादा गृहस्थ तिळाची वडी चघळत "काल शंभरेक मैल मारून आलो" असं सहज बोलून जातो, तेव्हा क्षणभर जी शांतता पसरते ती मला फार प्रिय आहे. त्या शांततेसाठी मी बरीच मेहनत घेतो. हेल्मेट गाडीच्या मागच्या काचेतून दिसेल असं ठेवतो. जॅकेट घरात शिरल्या शिरल्या काढत नाही. "थंडी वाजत नाही का हो?" असं कुणी विचारलं, की उत्तर देण्याआधी थोडा वेळ लांब कुठेतरी बघतो.

ट्रेलवर शंभर मैल मारणं म्हणजे मुख्यतः बसणं, हे मंडळात कुणाला ठाऊक नाही ते बरंच आहे. सीट ऊबदार, हँडल गरम, थ्रॉटल दाबायच्या अंगठ्यालासुद्धा वेगळी शेगडी. वळणाआधी बाण, रस्ता ओलांडताना स्टॉपची पाटी, आणि तासाभराने एक बार, जिथे तळलेले चीजचे गोळे मिळतात. समोरून कुणी आलं की हात वर करून बोटांनी सांगायचं, आपल्या मागून अजून किती जण येताहेत. शेवटच्याने मूठ दाखवायची. मी नेहमी शेवटचा राहतो. लोकांना वाटतं मी हळू चालवतो. खरं म्हणजे मला मूठ दाखवायला आवडते.

या राज्यात असे २२,००० मैलांहून जास्त ट्रेल आहेत आणि ते आपोआप उगवलेले नाहीत. रात्री, सगळे झोपले की, ग्रूमर निघतो. मागे लोखंडी सांगाडा ओढत दिवसभराच्या गाड्यांनी केलेले उंचवटे तासतो, बर्फ दाबतो, आणि पहाटेपर्यंत थंडीने तो घट्ट बसतो. ही कामं बहुतेक ठिकाणी गावोगावचे क्लब करतात. त्याहून नवल म्हणजे ट्रेलचा मोठा भाग शेतकऱ्यांच्या खासगी जमिनीतून जातो. त्यांनी परवानगी दिली म्हणून आम्ही फिरतो. आमच्या गावाकडे बांध वीतभर सरकला म्हणून दोन पिढ्या कोर्टात गेल्या. इथे हा बाबा आपल्या शेतातून अख्ख्या तालुक्याला भुंगभुंग करत जाऊ देतो आणि वर हात हलवतो. मला प्रत्येक वेळी वाटतं, थांबावं आणि कागद नीट केलेत का विचारावं.

पण ऑफिसातला एक तरुण सहकारी (तो मूळचा कोलोरॅडोचा, त्याचा इलाज नाही) एकदा माझ्या ट्रेलचे फोटो बघून म्हणाला, "छान. माझी आजीही जाते." झालं. त्या हिवाळ्यात मी त्याच्या टोळीबरोबर माँटानात, वेस्ट यलोस्टोनला.

हे गाव साडेसहा हजार फुटांवर आहे आणि तिथे लोक स्नोमोबीलवरून वाणसामान आणायला जातात. आपल्या सगळ्या फुशारकीचं वाणसामान झालेलं बघणं सोपं नसतं. भाड्याने मिळालेलं यंत्रही माझ्या घरच्या यंत्राचा दूरचा, आडदांड भाऊ. माझ्या ट्रेलच्या गाडीचा पट्टा १३७ इंची, त्यावरचे रबरी दात सव्वा इंचाचे. याचा पट्टा १६५ इंची आणि दात तीन इंचांचे. पुढच्या दोन स्की मात्र जवळजवळ, म्हणजे गाडी सहज कलंडावी अशा बेताने. कलंडणं हा दोष असतो अशी माझी तोवर समजूत होती.

आमची गाइड माझ्या मुलीपेक्षा लहान होती. तिने तीन गोष्टी सांगितल्या. एक, बसू नका, उभे राहा. दोन, उजवीकडे जायचं असेल तर हँडल डावीकडे वळवा आणि सगळं वजन उजव्या पायावर टाका. तीन, भीती वाटली की गॅस द्या.

माझ्यावरचे झाडून सगळे संस्कार या तीन वाक्यांच्या विरुद्ध आहेत. जागेवर बस, जायचंय तिकडे तोंड कर, भीती वाटली तर थांब, यावर माझं शालेय शिक्षण, लग्न आणि नोकरी उभी आहे. पण खोल, भुसभुशीत बर्फात तिचंच खरं असतं. ट्रेलच्या कडक बर्फाला स्की चावू शकतात, म्हणून हँडल वळवलं की गाडी वळते. पावडरमध्ये चावायला काही नसतंच, तो बर्फ म्हणजे बराचसा हवाच. तिथे गाडी आडवी करायची, पंधरा इंच रुंद पट्ट्याच्या एका कडेवर तोलायची, आणि ती कड बर्फ कापत तिला वळवते. हँडल उलटं धरायचं ते तिला त्या कडेवर झोपवायला. आणि गाडी तरंगते ती फक्त वेगावर. अंगठा सैल सोडला, की वेग जातो, मग पुन्हा गॅस दिला तरी पट्टा जागच्या जागी खंदक खणतो आणि गाडी त्यात बसते.

माझी बसली. ट्रेल अजून दिसत होता. तिथून जाणाऱ्या एका कुटुंबाने मला बोटं दाखवली: मागून तीन. मी मूठ दाखवली नाही.

उतरायला म्हणून मी पाय खाली ठेवला आणि कमरेपर्यंत गेलो. दुसरा पाय काढायला पहिल्यावर जोर दिला, तो अजून खाली. अखेर पोटावर आडवा होऊन गाडीच्या पायपट्टीला लोंबकळलो. दोनशे किलोंच्या वरचं ते धूड बाहेर काढायची रीत आहे: पुढचा बर्फ पायांनी तुडवून उतार करायचा, पायपट्ट्यांखालचा बर्फ हातांनी उकरायचा, एकाने स्की ओढायची, दुसऱ्याने हलकेच गॅस द्यायचा. तेही जमलं नाही तर अख्खी गाडी उताराकडे कुशीवर लोळवायची. गंमत म्हणजे या सगळ्यात गाडी मजेत असते. तिचं इंजिन थंड राहतं तेच पट्ट्याने उडवलेल्या बर्फावर. कडक ट्रेलवर तेवढा बर्फ उडत नाही आणि गाडीच तापते. ट्रेलवर ती तापते आणि मी गार, पावडरमध्ये ती गार आणि माझ्या गॉगलच्या आत पाऊस. शिवाय उंचीवर हवा विरळ, दर हजार फुटांना इंजिनाची साधारण तीन टक्के ताकद जाते. माझे किती टक्के जातात ते मी काढलं नाही. व्यवसायाने मी विमा कंपनीच्या आकडेवारीची सॉफ्टवेअर लिहितो आणि काही आकडे न काढण्यातच हित असतं हे मला कळतं.

विम्यावरून आठवलं, आणि आता आठवलंच आहे तर मला कुणी थांबवू नये. बर्फात तसा लोंबकळून धापा टाकताना मला राल्फ प्लेस्टेड आठवला. प्लेस्टेड आमचाच, मिनेसोटाचा, आणि विमा विकायचा. ध्रुवीय प्रवासाचा त्याला काडीचा अनुभव नव्हता. पण त्याला स्नोमोबीलचं वेड होतं आणि तो त्याबद्दल सतत बोलायचा. या रोगाची लक्षणं मी ओळखतो. शेवटी डुलूथच्या एका बारमध्ये त्याचा डॉक्टर मित्र वैतागून म्हणाला, एवढी थोर असतील तुझी यंत्रं तर जा ना त्यावरून उत्तर ध्रुवावर! (हा डॉक्टर, आर्थर ऑफडरहाइड, पुढे ममींचा जगप्रसिद्ध अभ्यासक झाला. मित्राचं बोलणं ऐकून माणसाला न बोलणाऱ्यांची ओढ लागली असेल तर मी समजू शकतो.) बारमधली अशी वाक्यं सकाळी विसरायची असतात. प्लेस्टेड विसरला नाही. १९६७ साली निघाला आणि अपयशी परतला. १९६८ च्या मार्चमध्ये कॅनडाच्या अगदी वरच्या टोकाहून पुन्हा निघाला. बरोबर एक मेकॅनिक आणि दिशा काढायला भूगोलाचा शिक्षक. माझ्या शाळेतले भूगोलाचे सर आम्हाला कोल्हापूरच्या सहलीत पन्हाळ्याऐवजी भलतीकडे घेऊन गेले होते, म्हणून या शिक्षकाबद्दल मला विशेष आदर आहे. ध्रुव तिथून सरळ रेषेत पावणेपाचशे मैल, पण गोठलेला समुद्र सरळ जाऊ देत नाही: बर्फाचे डोंगर, मध्येच फाटलेलं काळं पाणी, वळशावर वळसे. ना ट्रेल, ना पावडर. एप्रिलमध्ये चौघे ध्रुवावर पोचले आणि अमेरिकी हवाई दलाच्या विमानाने वरून खातरी करून दिली. पिअरीच्या १९०९ च्या दाव्यावर शंका घेणारे पुष्कळ आहेत. त्यामुळे पृष्ठभागावरून ध्रुव निर्विवाद गाठणारे पहिले म्हणून अनेक जण या चौघांचंच नाव घेतात. त्यांच्या गाड्या पंधरा-सोळा अश्वशक्तीच्या होत्या. मी ज्याला लोंबकळत होतो त्यात १६५ घोडे होते आणि मला ट्रेल दिसत होता.

मला सगळ्यांत भावतं ते असं, की प्लेस्टेड परत आला आणि पुन्हा मिनेसोटात राहिला. अशा माणसाने घरी येऊन पॉलिसी समजावून सांगितली तर नको कोण म्हणेल?

त्या चौघांतला चौथा होता ज्याँ-ल्यूक बाँबार्डिए. त्याचा काका जोसेफ-आर्मां बाँबार्डिए, क्वेबेकमधल्या व्हालकूर गावचा गॅरेजवाला, या यंत्राच्या जनकांपैकी एक. पोरवयापासून तो बर्फावर चालणाऱ्या गाड्यांच्या मागे होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याच्या दोन वर्षांच्या मुलाच्या पोटात संसर्ग झाला. हॉस्पिटल दूर, रस्ते बर्फाखाली, आणि गॅरेजमधली गाडी अजून अर्धवट. मूल गेलं. पुढच्या काही वर्षांत त्याने दातेरी चाक आणि रबरी पट्टा यांची जोडी जमवली, १९३७ मध्ये पेटंट मिळालं, आणि त्याच्या पहिल्या गाड्या खेळायला नव्हत्याच. त्या डॉक्टर, रुग्ण, टपाल आणि शाळेची पोरं नेणाऱ्या बंदिस्त बसगाड्या होत्या. हॉस्पिटलपर्यंत पोचता यावं म्हणून ज्या यंत्राची तड लागली, त्यावर बसून आम्ही पैसे मोजून मुद्दाम अशा जागी जातो जिथून हॉस्पिटल जास्तीत जास्त लांब असेल. याचं मला कधीकधी फार वाईट वाटतं. तरी जातो.

लांब म्हणजे किती, ते सकाळी निघतानाच कळलं होतं. गाइड वाटेत उभी राहिली आणि आम्ही एकेक जण तिच्या शेजारून गेलो. प्रत्येकाच्या छातीवर जॅकेटखाली बीकन, एक छोटं यंत्र, सतत संकेत पाठवणारं. तिच्या हातातलं यंत्र प्रत्येकाला टुक् करायचं आणि ती मान हलवायची. हिमस्खलनात कुणी गाडलं गेलं तर बाकीच्यांनी आपापली बीकन शोधावर टाकायची, बाण आणि आकडे बघत जायचं, लांब सळई खुपसून माणूस कुठे ते चाचपायचं आणि खणायचं. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक वाचतात. त्यानंतर आकडा झपाट्याने घसरतो. बाहेरून मदत तेवढ्यात येत नाही. जे काही आहे ते टोळीच्या पाठीवर.

दुकानात मी घडीचं, लाल, महागातलं फावडं निवडलं होतं, पाठपिशवीबाहेर दांडा दिसेल असं. त्या टुक्‌नंतर मला कळलं, की माझ्या फावड्याचा मला काडीचा उपयोग नाही. माझा जीव त्या आजीवाल्या पोराच्या पिशवीत होता आणि त्याचा माझ्या. विमा कंपनीत इतकी वर्षं काढूनही हप्ता भरणारा आणि लाभ घेणारा यांची इतकी स्वच्छ अदलाबदल मी पाहिली नव्हती. आणि हो, मला लोंबकळताना बघून सगळ्यांत आधी उतरला आणि न बोलता माझ्या स्कीखालचा बर्फ उकरायला लागला तो तोच.

दुपारी एकदा जमलं. झाडांमधल्या मोकळ्या उतारावर मी उभा होतो, उजवा पाय रेटलेला, हँडल डावीकडे, आणि घाबरलो होतो म्हणून गॅस दिला. गाडी आडवी झाली आणि पडली नाही. बर्फ काचेवरून येऊन छातीवर फुटत होता, खाली काही लागत नव्हतं, आणि ते लांबलचक वळण पुरं होईपर्यंत माझ्या मनात मंडळ, संक्रांत, फोटो यांपैकी काहीही नव्हतं. मग फोटो कुणी काढला का ते बघायला मान वळवली आणि झाडाशेजारच्या पोकळ बर्फात गेलो.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, अर्थात वळणापासून सुरुवात करून. तिने वळण ऐकून घेतलं आणि विचारलं, "फावडं कशाला?" मी सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे तू कुठेतरी पुरला जाणार आणि तुला शोधणार तो पोरगा, जो तुझ्याहून निम्म्या वयाचा आहे आणि ज्याला तू अजून गोऱ्या म्हणतोस?" मी म्हटलं, साधारण तसंच. पुढच्या हिवाळ्यात ती बरोबर आली. गाडी चालवायला नाही. हिमस्खलनाच्या वर्गात नाव घालायला.

वर्गात शिक्षक एका पोत्यात बीकन घालून बर्फात पुरून ठेवतात. माझी पाळी आली तेव्हा मी धावलो, कारण लोक बघत होते, आणि पोत्याला ओलांडून बराच पुढे गेलो. बायको बाणामागून चालली. आकडे उतरायला लागले तशी हळू झाली, गुडघ्यांवर आली, बीकन बर्फाला टेकवून आधी आडव्या मग उभ्या रेषेत सरकवलं, सळई खुपसली, लागेपर्यंत वीतवीत सरकवत राहिली. मग शिकवल्याप्रमाणे वरून भोक न पाडता उताराच्या बाजूने आत खणत गेली, माझ्याच लाल फावड्याने. पोतं ओढून बाहेर काढलं, हातात तोलून बघितलं आणि शिक्षकाकडे वळून म्हणाली, "माझा नवरा याच्या चौपट आहे. परत पुरा. आता जरा खोल."