भावोजी आणि दोन सेंटीमीटरचे प्रवासी

हॅम्बुर्गला जाऊन बंदराकडे पाठ फिरवायची आणि खेळण्यातल्या आगगाड्या पाहायच्या, हा बेत भावोजींचा. भावोजी म्हणजे मध्य रेल्वेचे निवृत्त स्टेशनमास्तर. ताईने कपाळाला हात लावला, पण लग्नानंतरची सगळी वर्षं वेळापत्रकाप्रमाणे काढलेली बाई ती, मुकाट्याने निघाली.

श्पायशरश्टाट या भागात कालव्यांच्या काठाने लाल विटांच्या जुन्या वखारी आहेत. पूर्वी तिथे कॉफी, चहा, गालिचे साठवत. त्यातल्याच एका वखारीत फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन या जुळ्या भावांनी २००१ साली मिनिआटुर वुंडरलांड सुरू केलं. त्याआधी हे दोघे डिस्को चालवत होते. आज तिथले रूळ १६ किलोमीटरच्या घरात गेले आहेत.

"म्हणजे सीएसएमटी ते कुर्ला, वर थोडं उरेल!" भावोजींनी तिकिटाच्या रांगेतच हिशेब केला.

आत सगळं एकास सत्त्याऐंशी या प्रमाणात. रुळांचा गेज साडेसोळा मिलिमीटर, माणूस जेमतेम दोन सेंटीमीटर. लाखांवर माणसं, पण फलाटावर एकही जण पलीकडच्या रुळावर उडी मारत नव्हता. भावोजी हेलावले.

तिथला दिवस पंधरा मिनिटांचा. बघता बघता उजेड मंदावतो, घराघरांत दिवे लागतात, आणि तुम्ही भिंग शोधेपर्यंत पुन्हा उजाडतं. "अर्ध्या तासात दोन रात्री झाल्या आणि जेवण एकदाही नाही," ताई म्हणाली. पुढे तिथल्या इवल्याशा स्वित्झर्लंडमध्ये बटण दाबलं की चॉकलेटचा इवलासा कारखाना खरं चॉकलेट बाहेर टाकतो, हे तिला कळलं, तेव्हापासून तिने देश सोडला नाही. मागे नातवंडं घेऊन उभे असलेले जर्मन आजोबा तिच्याकडे बघत घड्याळ दाखवत होते.

क्नुफिंगन हे ब्राउनबंधूंनी मनाने वसवलेलं गाव. तिथे सारख्या आगी लागतात आणि बंबांचा ताफा दिवे लुकलुकवत सुटतो. रस्त्याखाली तार पुरलेली असते. तिच्या मागोमाग चुंबकाने मोटारींची पुढची चाकं वळतात. २०११ पासून या गावाला विमानतळही आहे. विमानं धावपट्टीवरून खरोखर उचलली जातात आणि भिंतीआड नाहीशी होतात. पण विमान ही गोष्ट भावोजी वाहनांत धरत नाहीत.

खरा प्रसंग डोंगरात घडला. बोगद्याच्या तोंडाशी मालगाडीचे दोन डबे घसरले. भावोजी ताठ झाले. एवढ्यात डोंगरातलं झाकण उघडून एक तरुण कमरेपर्यंत वर आला, दोन बोटांनी डबे उचलून रुळावर ठेवले आणि पुन्हा डोंगरात गेला.

"पंचनामा नाही? चौकशी नाही? मागच्या गाडीला लाइन क्लिअर दिली कुणी?"

"कॉम्प्युटरने, भावोजी."

नियंत्रण कक्ष तिथे सगळ्यांना दिसेल असा ठेवला आहे; पडद्यांच्या रांगा आणि समोर तीन-चार माणसं. भावोजी त्यासमोर हात पाठीमागे बांधून जे उभे राहिले ते हलेनात. आतल्या पोराने एकदा हात केला. भावोजींनी मान किंचित लववली, समव्यवसायी या नात्याने.

कोथरूडला जोशांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तेही त्यांनी असंच तपासून पाहिलं होतं. तिथे निदान शंका मराठीत विचारता येतात.

बाहेर पडून आम्ही खऱ्या स्टेशनवर गेलो, तर गाडीला उशीर. जर्मनीत सहा मिनिटांच्या आत आलेली गाडी वेळेवरच धरतात, हे कळल्यावर भावोजींचा चेहरा उजळला. "आधी माहीत असतं तर निम्मे मेमो वाचले असते!"

जाणार असाल तर तिकीट आगाऊ, वेळ ठरवून काढा; सुट्टीत झुंबड असते. आणि बरोबर निवृत्त रेल्वेवाला असेल, तर त्याला परतीच्या गाडीची वेळ दोन तास अलीकडची सांगा.