रिकाम्या सिरिंजची साक्ष

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात 2006 साली दोन वर्षांची एक मुलगी केमोथेरपीच्या सलाइनने दगावली. घात कर्करोगाच्या औषधाने केला नाही, ते ज्या मिठाच्या पाण्यात मिसळले त्याने केला. 0.9 टक्क्यांऐवजी 23.4 टक्के, म्हणजे सव्वीसपट खारट. मिश्रण तंत्रज्ञाने केले, फार्मासिस्टने तपासून सही केली.

फार्मासिस्टचा परवाना गेला, 2009 मध्ये सहा महिन्यांची कैद झाली. त्या सकाळी रुग्णालयाचा संगणक बंद होता, काम तुंबले होते, माणसे कमी होती आणि काही तासांनी लागणारे औषध वॉर्डातून आत्ताच मागवले जात होते. यातले कोणीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले नाही. संगणकाला कोठडीत कसे घालणार म्हणा! पुढे त्या मुलीच्या नावाने कायदा झाला आणि तंत्रज्ञांना परीक्षा सक्तीची झाली. तोवर राज्याला त्याची गरज वाटली नव्हती.

आता ही तपासणी कशी होते तेही ऐका. एक जुनी रीत अशी: तंत्रज्ञ औषध पिशवीत टोचतो, मग रिकाम्या सिरिंजचा दट्ट्या जेवढे टोचले त्या रेघेपर्यंत मागे ओढतो आणि ती बाटलीशेजारी ठेवतो. साहेब येतात, सिरिंजमधली हवा पाहतात, सही ठोकतात. पिशवीत खरोखर काय गेले, हे पिशवीला ठाऊक. औषधसुरक्षेवर काम करणारे या रीतीच्या नावाने कधीचे खडे फोडताहेत, पण हवा तपासायला खर्च येत नाही ना!

उपाय गूढ नाहीत. प्रत्येक बाटलीचा बारकोड मिसळण्याआधी स्कॅन करायचा, टोचण्याआधी भरलेली सिरिंज दाखवायची, पिशवी काट्यावर ठेवायची. सराफ अंगठी मिलिग्रॅमपर्यंत तोलतो, तेव्हा आपल्याला त्यात काही जगावेगळे वाटत नाही. आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे ते जहाल मिठाचे पाणी हाताशी ठेवायचेच नाही, वेगळ्या कपाटात कुलूपबंद करायचे.

आपल्याकडे तर अनेक रुग्णालयांत हे मिश्रण वॉर्डातच, ट्रॉलीवर होते. सिस्टर एका हाताने बाटली फोडतात आणि तोंडाने नातेवाइकांना उत्तरे देतात. तिथे सहीलाही दुसरा माणूस नसतो.

तेव्हा विश्वस्त मंडळी, लॉबीतले कारंजे पुढच्या वर्षी करा. आधी औषध मिसळायला एक स्वतंत्र खोली, एक स्कॅनर, एक काटा आणि तपासायला दुसरा माणूस द्या.