चॅटबॉट फुकट वापरावा की विकत घ्यावा? कुटुंबवत्सल माणसासाठी मार्गदर्शिका

लोकलच्या चौथ्या सीटवर, लग्नातल्या बुफेच्या रांगेत आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत हल्ली एकच प्रश्न कानावर येतो : "तुमचं चॅटजीपीटी फ्री की पेड?" विचारणाऱ्याला उत्तर नकोच असते. एक तर त्याने कालच पैसे भरलेले असतात, नाहीतर दमडीही न भरता तेच काम कसे होते हे त्याला ऐकवायचे असते. अशा प्रसंगी आपल्यालाही चार शब्द बोलता यावेत, म्हणून ही मार्गदर्शिका.

पायऱ्या क्रमाने पाळाव्यात. मधली पायरी गाळल्यास होणाऱ्या परिणामांना लेखक जबाबदार नाही. चॅटबॉटही जबाबदार नाही. माझ्याकडून चुका होऊ शकतात, असे त्याने तळाशी बारीक अक्षरांत लिहून ठेवलेच आहे.

पायरी पहिली : आपण कोणत्या पंथाचे, ते ठरवावे

पंथ तीन आहेत. पहिला फुकटनिष्ठांचा. यांची तत्त्वे पक्की असतात आणि ती सगळी पैसे न देण्याशी संबंधित असतात. दुसरा विकतवीरांचा. हे महिन्याला दोन हजार भरतात आणि साबुदाण्याची खिचडी चिकट का होते ते विचारतात. तिसरा पंथ सर्वांत मोठा : साडूच्या खात्यावर चालणाऱ्यांचा.

तिसऱ्या पंथात शिरण्याआधी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. खात्याचा पासवर्ड दुसऱ्याला देणे कंपनीच्या अटींत बसत नाही, ही पहिली. अटी कोणी वाचत नसल्याने ती सोडून देऊ. दुसरी मात्र गंभीर आहे. प्रत्येक संभाषण डावीकडच्या यादीत शीर्षकासह जमा होते. "साडूकडून उसने पैसे मागण्याची सभ्य पद्धत" हे शीर्षक साडूलाही दिसते. शिवाय चॅटबॉटला आता स्मरणशक्ती आली आहे. साडूचा मधुमेह त्याच्या लक्षात राहतो आणि दिवाळीत तुमच्या फराळाच्या यादीतून चिरोटे गायब होतात.

पायरी दुसरी : दरपत्रक पाठ करावे

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी आले तेव्हा ते फक्त फुकट होते आणि जग सुखी होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये महिना २० डॉलरचा 'प्लस' आला, डिसेंबर २०२४ मध्ये २०० डॉलरचा 'प्रो'. क्लॉड या दुसऱ्या चॅटबॉटचा 'प्रो'ही २० डॉलरचाच, त्यामुळे २० हा या धंद्यातला शुभांक असावा. भारतीय रुपयांत चॅटजीपीटी प्लस ₹१,९९९ ला आणि प्रो ₹१९,९०० ला आला. या आकड्यांनी आपण बधत नाही हे लक्षात आल्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये खास भारतासाठी ₹३९९ चा 'गो' निघाला आणि पैसे यूपीआयने भरता येऊ लागले.

हे आकडे नेहमी बाराने गुणून बोलावेत. गोचे वर्षाला ₹४,७८८, प्लसचे ₹२३,९८८ आणि प्रोचे ₹२,३८,८००. शेवटचा आकडा घरात मोठ्याने उच्चारू नये. "तेवढ्यात स्कूटर आली असती" हे वाक्य ऐकावे लागेल, आणि ते चूक नाही; दोन आल्या असत्या.

पायरी तिसरी : फुकटात नेमके काय कमी, ते ओळखावे

फुकटचा चॅटबॉट मठ्ठ आणि विकतचा हुशार, हा लोकप्रिय समज आहे. खरा फरक रेशनचा आहे. प्रत्येक उत्तरामागे महागड्या चिप आणि वीज खर्ची पडते. म्हणून फुकट्याला मोठे मॉडेल, म्हणजे चॅटबॉटचा मोठा मेंदू, ठरावीक संदेशांपुरते मिळते. कोटा संपला की काही तास धाकट्या मॉडेलवर भागवावे लागते. फाइल जोडणे, चित्रे काढणे, लांबलचक संशोधन यांचेही तसेच मोजमाप. विकतच्याला हाच कोटा मोठा मिळतो, शिवाय अधिक वेळ विचार करून उत्तर देणारी मॉडेल वापरता येतात आणि एका संभाषणात जास्त मजकूर मावतो. दोनशे पानांचा पुनर्विकासाचा करारनामा वाचून घ्यायचा असेल, तर हा शेवटचा मुद्दा कळीचा. फुकटात पंचेचाळिसाव्या पानावरची अट सांगताना त्याला चौथे पान आठवेनासे होऊ शकते.

ही काटकसर उगाच नाही. मार्च २०२५ मध्ये साऱ्या जगाने आपापले फोटो जिब्ली या जपानी कार्टून शैलीत काढून घेतले, तेव्हा आमच्या चिप वितळताहेत, असे चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी जाहीर करून चित्रांवर मर्यादा घातली. आपल्या साखरपुड्याच्या फोटोचा त्यात वाटा आहे, हे विसरू नये.

कोटा संदेशांवर मोजला जातो, शहाणपणावर नाही. "नमस्कार" हा एक संदेश. "आहेस का?" हा दुसरा. "एक विचारू का?" हा तिसरा. "राग नाही ना येणार?" हा चौथा. मूळ प्रश्नाला येईपर्यंत मोठे मॉडेल निघून गेलेले असते आणि मग "फुकटात काही कळत नाही हो" अशी तक्रार सुरू होते. म्हणून फुकटनिष्ठाने नमस्कार, प्रश्न, पार्श्वभूमी आणि आभार एकाच संदेशात उरकावेत. आभारांचाही खर्च असतोच. लोकांच्या 'प्लीज' आणि 'थँक यू'पायी विजेचे किती पैसे जात असतील, असे एप्रिल २०२५ मध्ये कोणीतरी विचारल्यावर ऑल्टमन यांनी कोट्यवधी डॉलरचा अंदाज सांगितला आणि ते सत्कारणी लागल्याचेही म्हटले. त्यामुळे सौजन्य सोडू नये. फक्त वेगळ्या संदेशात पाठवू नये.

पायरी चौथी : फुकटात मिळालेले विकतचे जपून घ्यावे

भाजीवर कोथिंबीर फुकट मागणे हा आपला जन्मसिद्ध हक्क आहे आणि मोबाइल कंपन्यांनी तो ओळखला. जुलै २०२५ मध्ये एअरटेलने आपल्या सुमारे ३६ कोटी ग्राहकांना पर्प्लेक्सिटी प्रो वर्षभर देऊ केले. छापील किंमत ₹१७,०००. ऑक्टोबरअखेर जिओने गूगलचे जेमिनी प्रो अठरा महिन्यांसाठी आणले; छापील किंमत ₹३५,१००. नोव्हेंबरच्या ४ तारखेपासून ओपनएआयने गो भारतात वर्षभर फुकट केले. दोन सिम बाळगणाऱ्या साध्यासुध्या गृहस्थाकडे तीन-तीन चॅटबॉट जमले आणि त्या सर्वांना विचारण्यासारखे प्रश्न जमवणे हे त्याचे नवे काम झाले.

हा दानधर्म नव्हे. आपल्यासारखा गिऱ्हाइकांचा समुद्र दुसरीकडे नाही, आणि वर्षभर लागलेली सवय तेराव्या महिन्यात सुटत नाही, हे देणाऱ्याला ठाऊक आहे. म्हणून नोंदणीच्या वेळी कार्ड किंवा यूपीआयचे ऑटोपे मागितले असेल, तर मुदत संपण्याच्या आठवडाभर आधीची तारीख कालनिर्णयावर लाल पेनाने लिहून ठेवावी. आपोआप पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती सूचना येते. कर्जाच्या तीन आणि साड्यांच्या सेलच्या चार मेसेजमध्ये ती येते, एवढेच.

स्वस्त पायरीवर उभे राहणाऱ्यांसाठी आणखी एक बातमी. फुकट आणि गो या दोन्ही प्रकारांत जाहिराती दाखवून पाहणार, असे ओपनएआयने जानेवारी २०२६ मध्ये अमेरिकेपुरते जाहीर केले. म्हणजे थोडे पैसे भरल्याने जाहिरात टळेलच असे नाही.

पायरी पाचवी : तुलनेची परीक्षा शास्त्रशुद्ध घ्यावी

अशास्त्रीय पद्धती तीन, आणि त्याच सर्वत्र रूढ आहेत. एक, स्वतःचे नाव टाकून "हे कोण?" असे विचारणे. जो आपल्याला ज्येष्ठ साहित्यिक ठरवेल तो श्रेष्ठ मानला जातो. दोन, "तू चांगला की तो?" असे त्यालाच विचारणे. उत्तर इतके संतुलित येते की ते सोसायटीच्या अध्यक्षाने दिले असावे असे वाटते. तीन, व्हॉट्सॲपवर आलेले कोडे घालणे, ज्याचे उत्तर आपल्यालाही येत नाही.

शास्त्रीय पद्धत अशी. खरोखर करायची असलेली पाच-सहा कामे निवडावीत : सभेचे इतिवृत्त, दहावीतल्या मुलीचे भूमितीतले अडलेले प्रमेय, पाणीपट्टीच्या थकबाकीच्या नोटिशीला उत्तर, दोन विमा पॉलिसींतला फरक, भाच्याच्या लग्नातले दोन मिनिटांचे भाषण. एकच प्रश्न, त्याच शब्दांत, दोन्हीकडे टाकावा. उत्तरे कागदावर घेऊन, कोणते कोणाचे हे न सांगता, घरातल्या सर्वांत चिकित्सक व्यक्तीला गुण द्यायला लावावेत. ही व्यक्ती प्रत्येक घरात असते आणि ती नवी नेमावी लागत नाही. तिला फरक कळला नाही, तर तुमचे ₹१,९९९ वाचले. कळला, तर कोणत्या कामात कळला ते लिहून ठेवावे. इतिवृत्तात बहुधा कळणार नाही. लांब कागदपत्रात किंवा अनेक पायऱ्यांच्या गणितात कळू शकेल.

परीक्षा मराठीतच घ्यावी. चॅटबॉट मजकुराचे तुकडे करून तो मोजतो आणि पूर्वी देवनागरीचे फार तुकडे व्हायचे, त्यामुळे तेवढाच मजकूर जास्त जागा खायचा. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ हे मॉडेल आले तेव्हा ओपनएआयने दिलेल्या नमुन्यात मराठी मजकुराचे तुकडे ९६ वरून ३३ वर आले. मराठी माणसाला लागणारा एवढा मोठा दंड एका दिवसात कमी झाला आणि आपल्या वृत्तपत्रांत त्यावर अग्रलेख आला नाही. महत्त्वाचे म्हणजे ते मॉडेल मर्यादित प्रमाणात फुकट्यांनाही मिळाले.

यातून फुकटनिष्ठ पंथाचे मूलतत्त्व सिद्ध होते : थांबावे. विचार करून उत्तर देणारे मॉडेल सप्टेंबर २०२४ मध्ये पैसे भरणाऱ्यांसाठी आले. २० जानेवारी २०२५ रोजी चिनी डीपसीक कंपनीने तसेच आपले आर१ मॉडेल सर्वांना खुले केले आणि महिना संपायच्या आत ओपनएआयनेही ओ३-मिनी फुकटात दिले. चार-पाच महिने कळ काढणाऱ्याचे पैसे वाचले. आपल्या वाडवडिलांनी टीव्हीच्या बाबतीत हेच केले होते.

पायरी सहावी : पैसे भरूनही जे मिळत नाही, ते समजून घ्यावे

पहिली गोष्ट, सत्य. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने जून २०२३ मध्ये दोन वकील आणि त्यांची फर्म यांना ५,००० डॉलरचा दंड केला. चॅटजीपीटीने रचलेले खटले त्यांनी दाखले म्हणून सादर केले होते. हे खटले खरे आहेत ना, असे त्यांच्यातल्या एकाने चॅटजीपीटीलाच विचारून खात्री करून घेतली होती, ही यातली गोड बाब. आपणही मागे नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकर खात्याचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात आधाराला घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. एआयने पुढे केलेले पडताळून मगच वापरा, अशी समजही दिली. थाप मारण्याचे प्रमाण मॉडेलगणिक कमी-जास्त असते, पण थाप अजिबात न मारणारी योजना कोणत्याही दरपत्रकात नाही.

दुसरी गोष्ट, गुप्तता. ₹१,९९९ भरले म्हणजे आपले बोलणे आपल्यापुरते राहते, हा समज विकतवीरांना फार दिलासा देतो. वैयक्तिक चॅटजीपीटी खाते फुकट असो की प्लस, संभाषणे मॉडेल सुधारायला वापरण्याची मुभा आधीपासून चालू असते. ती डेटा कंट्रोल्समध्ये जाऊन बंद करावी लागते, आणि ते बटण फुकट आहे. ती मुळातच बंद असते ती कंपन्यांच्या व्यावसायिक खात्यांत. तेव्हा आधार क्रमांक, बँकेचे तपशील आणि जावेबद्दलची मते दोन्हीकडे टाकू नयेत.

पायरी सातवी : भरले असल्यास वसूल करावे

हे शिकवावे लागत नाही. महिना २०० डॉलरच्या प्रोवर आपण तोटा सोसत आहोत, लोक अपेक्षेपेक्षा फार जास्त वापरतात, असे ऑल्टमन यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगून टाकले. जगात इतरत्रही आपली माणसे आहेत, हे वाचून बरे वाटते. मात्र वसुलीच्या भरात रोजच्या भाजीचा निर्णय, भाचीला द्यायचा आहेर आणि सासूबाईंना पाठवायचा मेसेज हे सारे त्याच्यावर सोपवू नये. सासूबाईंना कळते.

निकाल

महिनाभर फुकटचेच वापरावे. कामाच्या ऐन वेळी मर्यादा आडवी आली की कालनिर्णयावर त्या दिवशी फुली मारावी. महिनाअखेर फुल्या बोटांवर मोजण्याइतक्या असतील, तर पैसे बँकेत राहू द्यावेत. कॅलेंडर फुल्यांनी भरले असेल आणि त्यातल्या बऱ्याच पोटापाण्याच्या कामाच्या असतील, लेखन, हिशेब, कोडिंग, शिकवणी, तर एका महिन्याचे पैसे भरावेत. वर्षाचे नकोत, कारण वर्षभरात आजची विकतची वस्तू फुकट झालेली असू शकते. साडूच्या खात्यातून आजच बाहेर पडावे. आणि उत्तर फुकटचे असो वा विकतचे, ज्यावर पैसा, प्रकृती किंवा कोर्टाची तारीख अवलंबून आहे, ते जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय वापरू नये. तो माणूस मात्र बहुधा फी घेईल, आणि ती द्यावी.