नाव एका चौकात, पुतळा दुसऱ्या

(रंगमंचावर एक रिकामा बाक. गळ्यात कॅमेरा अडकवलेला नट येतो.)

तर नाना पोचले सव्हानाला. अमेरिकेच्या दक्षिणेत, जॉर्जिया राज्यात, दीड लाखाच्या आतबाहेर वस्तीचं गाव. सूनबाई म्हणाली, "नाना, इथे बघायचे म्हणजे चौक."

"अगं, चौक बघायला सातासमुद्रापार यायचं?"

पण हे चौक म्हणजे बागा. १७३३ साली जेम्स ओगलथॉर्प या इंग्रजानं गाव आखलं ते चौकांभोवतीच. वाढता वाढता ते २४ झाले, आज २२ उरलेत. मध्ये ओकची थोराड झाडं, त्यांच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या राखाडी जटा, खाली बाक. या जटा म्हणजे चक्क अननसाच्या कुळातली वनस्पती! आणि गाड्या चौकाला प्रदक्षिणा घालतात, पण उलटी. नानांनी तिथेच कपाळाला हात लावला.

नानांची शिस्त अशी, की आधी संस्थापकाला नमस्कार. गेले ओगलथॉर्प चौकात. (बाकावर चढून चहूकडे बघतो.) ओगलथॉर्प गैरहजर! साहेब सापडले चिपेवा चौकात, तलवार घेऊन, दक्षिणेकडे तोंड करून. कारण त्यांच्या काळी तिकडे फ्लोरिडात स्पॅनिश शत्रू होता.

बरं, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, १७७९ मध्ये याच गावच्या लढाईत प्राणघातक जखमी झालेला पोलिश सेनानी पुलास्की? पुलास्की चौक आहे, पण स्मारक मॉन्टेरे चौकात. त्याच युद्धातला जनरल ग्रीन? ग्रीन चौक सोडून जॉन्सन चौकात, तेही स्मारकाखाली अस्थींसकट. मॅडिसन चौकात मॅडिसन नाहीच, सार्जंट जॅस्पर उभा.

नाना जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. त्यांना हा कारभार लगेच ओळखीचा वाटला. "म्हणजे नेमणूक एकीकडे, माणूस प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे!"

चिपेवा चौकात बाकी पाहुणे ओगलथॉर्पकडे ढुंकून बघत नव्हते. ते शोधत होते 'फॉरेस्ट गंप' सिनेमातला बाक. तो तर चित्रीकरणापुरता आणलेला, आता गावातल्या संग्रहालयात. नाना खूश. "एक नग तरी रीतसर भांडारात जमा आहे."

(बाकावर बसतो. आवाज उतरतो.)

राइट चौकात मात्र त्यांची थट्टा आटली. ओगलथॉर्पला इथे गाव वसवू देणारा इथल्या मूळच्या यामाक्रॉ लोकांचा प्रमुख तोमोचिची १७३९ मध्ये वारला, तेव्हा त्याला याच चौकात मानानं पुरलं. १८८३ मध्ये त्या जागी एका रेल्वे कंपनीच्या अध्यक्षाचं स्मारक चढवलं. मग १८९९ मध्ये तोमोचिचीसाठी एक ग्रॅनाइटची शिळा आणून ठेवली, चौकाच्या कोपऱ्यात. नाना त्या शिळेपाशी बराच वेळ उभे राहिले. सूनबाईनं फोटो काढायला सांगितलं, तेव्हा त्यांनी कॅमेरा शिळेकडे वळवला. स्मारक चौकटीबाहेर.

(उठतो.)

फोर्साइथ पार्कातलं १८५८चं बिडाचं कारंजं कॅटलॉगातून मागवलेलं, हे ऐकून नानांनी फक्त विचारलं, "निविदा काढली होती?"

शेवटचा टेलर चौक. आधी याला गुलामगिरीच्या कट्टर समर्थकाचं, कॅल्हूनचं नाव होतं. २०२३ मध्ये चौकाला सूझी किंग टेलरचं नाव दिलं. गुलामीत जन्मलेली, यादवी युद्धात सैनिकांची शुश्रूषा करणारी, मुक्त झालेल्यांना शिकवणारी बाई. नानांनी चष्मा पुसला आणि हळूच सूनबाईला विचारलं,

"हिचा पुतळा करायचा ठरला, तर बसवणार कुठल्या चौकात?"

(पडदा)