मोमो महाराजांना, चौदाव्या मजल्यावरून

राजमान्य राजश्री किंग मोमो महाराज,
मुक्काम पणजी



महाराज, गोव्याच्या कार्निव्हलचे राजे म्हणून आपली कारकीर्द वर्षातून चार दिवसांची. शनिवारी मांडवीच्या काठानं मिरवत यायचं, ‘खा, प्या, मजा करा’ असं फर्मान वाचायचं आणि राखेचा बुधवार उजाडायच्या आत सिंहासन रिकामं करायचं. पुढचे चाळीस दिवस उपासाचे. एवढ्या आखूड कारकिर्दीत कुणाला साम्राज्य वाढवायला जमत नाही, पण आपलं अभिनंदन! आपलं राज्य तेरेखोल ओलांडून थेट ठाण्याच्या घोडबंदर रोडपर्यंत आलंय आणि लिफ्टनं चौदाव्या मजल्यावर पोचलंय. माझ्या पुतणीच्या लेकाचा सहावा वाढदिवस परवा ‘कार्निव्हल थीम’वर साजरा झाला. आपल्या नावानं एवढा थाट, आणि आपल्यालाच आमंत्रण नाही! म्हणून हा जाहीर वृत्तांत.

फर्मान इथंही निघालं होतं, व्हॉट्सॲपवर. कार्निव्हल चार ते सात. पोशाख लाल, पांढरा किंवा पिवळा. भावंडांना आणू नये. ॲलर्जी असल्यास आधी कळवावे.

सोफा उभा करून बेडरूममध्ये कोंबला होता. पंखा उतरवून त्याच्या हुकाला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा तंबू टांगला होता. टीव्हीच्या जागी तिकीटघर, दारात पुठ्ठ्याचा विदूषक. आता तंबू आणि विदूषक हे सर्कशीचं सामान. आणि सर्कस म्हटली की मान आमच्या विष्णुपंत छत्र्यांचा, ज्यांनी १८८० च्या सुमारास पहिली भारतीय सर्कस उभी केली. मुखवटे व्हेनिसच्या वळणाचे. खेळ अमेरिकेतल्या शाळांच्या मेळ्यांतले. यात आपलं काय, हे शोधत मी हॉलभर हिंडलो. शेवटी डेकोरेटरला विचारलं. तो म्हणाला, “काका, कार्निव्हलचं पॅकेज हेच असतं. मोमो हवे असतील तर केटररला सांगा.”

महाराज, रागावू नका. पोरगा कामात होता.

केटररनं आणलेलं मुख्य आकर्षण होतं म्हातारीच्या केसांचं यंत्र. हे यंत्र १८९७ साली अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका मिठाईवाल्यानं एका भागीदाराबरोबर काढलं. भागीदाराचं नाव विल्यम मॉरिसन, आणि धंदा दंतवैद्याचा! इतकी दूरदृष्टी आमच्या नियोजनकारांकडेही नाही. मधल्या तबकात साखर वितळते, तबक गरगरतं, पाक बारीक छिद्रांतून बाहेर उडतो आणि हवेत गोठून त्याचे तंतू होतात. जत्रेत ते तंतू काडीवर येतात. बंद हॉलमध्ये ते पडद्यांवर, एसीच्या जाळीवर आणि माझ्या चष्म्यावर आले. रंगाबद्दल मी शंका काढली, कारण २०२४ च्या फेब्रुवारीत पुदुच्चेरी आणि तमिळनाडूनं कापडाला लावायचा ऱ्होडामाइन-बी हा रंग सापडला म्हणून ही मिठाईच बंद केली होती. मग कर्नाटकनंही रंगीत केसांवर बंदी आणली. पुतणी म्हणाली, “काका, म्हणूनच आपण पांढरी ठेवलीय.” पोरीला अक्कल आहे, हे इथं नमूद करतो. छताला लागलेल्या फुग्यांत हेलियमच आहे, स्वस्तातला हायड्रोजन नाही, हेही तिनं मेणबत्ती पेटवण्याआधी दोनदा विचारून घेतलं. हायड्रोजन पेट घेतो, हे फुगेवाला सांगत नसतो.

आता मुख्य तक्रार, महाराज. तिथं कुणाला हरायची परवानगी नव्हती.

मी चतुःशृंगीच्या जत्रेत वाढलेला माणूस. तिथला रिंगवाला आठवतो. फळीवर साबणाच्या वड्या, बिस्किटांचे पुडे, मागे एखादं घड्याळ. रिंग वडीवर पडून भागत नाही, ती वडीभोवती फळीला सपाट टेकली पाहिजे. आणि रिंग वडीपेक्षा जेमतेम नखभर मोठी. आपल्याला वाटतं पडली, तोवर रिंगवाला लांब काठीनं ती ओढून घेतो: “टेकली नाही, दादा.” शेजारी छऱ्याची बंदूक, जिची नळी किती वाकडी आहे याचा अंदाज येईपर्यंत पैसे संपलेले. उरलेल्या नाण्यात पाळणा की भेळ, हा प्रश्न स्वतःच सोडवायचा. आईबाप गर्दीत कुठंतरी.

इथं रिंगा हुला-हूपच्या धाकट्या बहिणी होत्या आणि बाटल्या हातभर अंतरावर. तरीही ज्याची चुकेल त्याला माइकवाला अँकर हात धरून पुढं न्यायचा, रिंग बाटलीत घालायचा आणि ओरडायचा, “एव्हरीबडी इज अ विनर!” प्रत्येकाला तोच कंपासबॉक्स. एका पोरानं लांब मागं सरकून, एक डोळा मिटून, ओळीनं तीन रिंगा बसवल्या. त्यालाही तोच कंपासबॉक्स. त्यानं तो उलटसुलट पाहिला आणि अँकरला विचारलं, “मग टाकायची कशाला?” अँकरनं म्युझिक वाढवलं.

तरीही महाराज, आपण तिथं येऊन गेलात असा मला दाट संशय आहे. साडेपाचच्या सुमारास पॉपकॉर्नचं मशीन, साखरेचं मशीन, एसी आणि स्पीकर यांनी मिळून घराचा मेन पाडला. मोठी माणसं टॉर्च लावून एमसीबीकडे धावली. माइक मेला. तंबूत अंधार. आणि पहिली मूठ कुणी फेकली ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण पुढची दहा मिनिटं पॉपकॉर्नचा पाऊस पडत होता. जुन्या काळी आपल्या गोव्यात लोक एकमेकांवर पीठ आणि रंगीत पाणी उडवायचे. १९६५ पासून फ्लोटांची मिरवणूक सुरू झाली, आणि आता त्यावर कंपन्यांच्या पाट्याही दिसतात. ते जुनं, बिनपाटीचं राज्य त्या अंधारात परत आलं होतं. नेम धरणाऱ्या पोरानं अँकरच्या उंच टोपीत एका फटक्यात चार दाणे टाकले. बक्षीस नव्हतं. आनंद मात्र बघण्यासारखा होता.

दिवे आल्यावर सगळ्यांना रांगेत बसवून केक देण्यात आला.

तरी विनंती अशी की पुढच्या फर्मानात एक कलम घालावं. ज्या घरी आपल्या नावानं तंबू ठोकला जाईल, तिथं पोरांच्या हाती मोजकी नाणी द्यावीत, एक तरी रिंग वडीपेक्षा नखभरच मोठी ठेवावी आणि अँकर नेमू नये. रिंगवाला म्हणून मी उभा राहीन, काठी माझी मी आणतो. भावंडांनाही येऊ द्यावं. हरल्यावर चिडायला कुणीतरी हक्काचं लागतं.

आपला नम्र प्रजाजन,
एक काका

ता. क. स्वतः येणार असाल तर गेटवर ॲपवरून नोंद करावी लागेल. लवाजमा सर्व्हिस लिफ्टनं. मुकुट सोनेरी असेल तर आधी कळवा, पिवळ्यात धरतात का ते विचारून ठेवतो.