बाहेरचा सुतार

मालवणात न्याहारी-निवास चालवणाऱ्यांपुढे पेच एकच: वेबसाइट घरच्या पोराकडून करून घ्यायची की पुण्याच्या कंपनीला द्यायची? पोरगा गणपतीपर्यंत करतो म्हणतो. कुठल्या गणपतीपर्यंत, हे विचारायचं नसतं.

कंपनी आठवड्यात देते. तारकर्लीच्या नावाखाली केरळातली हाउसबोट, सुरमईच्या थाळीला दोन वर्षांपूर्वीचा दर आणि डोमेन कंपनीच्याच नावावर.

काम बाहेर देणं महाराष्ट्राला नवं नाही. १६५९ च्या सुमारास शिवरायांनी कल्याण-भिवंडीकडे जहाजबांधणीला पोर्तुगीज कारागीर लावले. म्होरक्या रुय लैतांव व्हिएगस. वसईच्या पोर्तुगीजांनी कान भरताच मंडळी काम टाकून पळाली. आरमार तरीही उभं राहिलं आणि १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया पडला.

व्हिएगसाकडे निदान पासवर्ड तरी नव्हता.