सूट राहू द्या, मसुदा दाखवा

माननीय बिल्डरसाहेब,

तुम्ही मला चौरस फुटामागे दोनशे रुपये सोडलेत. आभाराचं पत्र येईल असं वाटलं असेल, तर पुढे वाचायची तसदी घ्या. तुमच्या मॅनेजरने ते दोनशे रुपये मिळवण्यासाठी केबिनमध्ये जाऊन तुम्हाला फोन लावला, बाहेर येऊन आवाज खाली आणला आणि म्हणाला, "साहेबांनी फक्त तुमच्यासाठी केलंय, बाहेर कुणाला सांगू नका." हे गुपित मी पाळणार नाही. शेजारच्या टेबलावरच्या जोडप्यालाही तेच वाक्य त्याच आवाजात सांगितलं जात होतं.

आधी हिशेब. तुमच्या माणसाने कागदावर लिहून दिलं: ९६० फूट सेलेबल, दर ८,५००. सूट धरून ८,३००. म्हणजे घर ७९ लाख ६८ हजारांना. सूट झाली १ लाख ९२ हजार. मी रेरा कार्पेट विचारलं, तेव्हा कॅल्क्युलेटरवरची बोटं थांबली. कार्पेट निघालं ६४०. त्याने भागलं की दर १२,४५० होतो. मी ज्यात राहणार, पलंग टाकणार, आईची खुर्ची ठेवणार, ते घर ६४० फुटांचं आहे. उरलेले ३२० फूट जिन्यात, लॉबीत, लिफ्टच्या खोबणीत आणि तुमच्या कल्पनेत आहेत. २०१६च्या रेरा कायद्याने कार्पेटची व्याख्या नेमकी केली आहे: आतल्या भिंती धरायच्या; बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची धरायची नाही. व्यवहार याच मोजमापावर करायचा. तरी तुमच्या ऑफिसात 'सेलेबल' हा आकडा अजून जिवंत आहे. कारण त्याच्यामुळेच दर चार आकडी दिसतो आणि सूट घसघशीत वाटते.

आता त्याच सुटीच्या शेजारी एक दुसरा आकडा ठेवतो. तुमचा फलक म्हणतो, 'रेडी पझेशन'. भिंतींना रंग आहे, लिफ्ट चालते, खाली कारंजंही उडतं. पण कोटेशनमध्ये ५ टक्के जीएसटी लावला आहे, म्हणजे जवळजवळ ४ लाख रुपये. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर जीएसटी लागत नाही. मग हा कर कसला? मॅनेजरला दोनदा विचारल्यावर त्याने सांगितलं, ओसी अजून यायची आहे, "पंधरा दिवसांत येतेय." म्हणजे विकताना इमारत तयार, कर घेताना बांधकाम चालू. एकाच इमारतीची दोन वयं तुम्ही सोयीनुसार सांगता. आणि ज्या सुटीसाठी मी तुमचे पाय धरावेत अशी तुमची इच्छा होती, ती या एका ओळीच्या निम्मीसुद्धा भरत नाही.

ओसी नसताना राहायला कसं यायचं, असं विचारलं. उत्तर तयार होतं: "फिट-आउट पझेशन घ्या. फर्निचर करून घ्या. हळूहळू राहायला या, सगळेच येतात." साहेब, पूर्णत्वाचा दाखला मिळाल्याशिवाय माणसं आत घ्यायची नाहीत, हे महाराष्ट्राच्या मोफा कायद्यात १९६३पासून लिहिलेलं आहे. तुम्ही माझ्या हातात किल्ली देता तेव्हा शेवटचा हप्ता तुमच्या खात्यात आलेला असतो. त्यानंतर ओसीसाठी महापालिकेच्या पायऱ्या झिजवायला तुम्हाला कारणच उरत नाही. पुढे काय होतं, हे मुंबईच्या समृद्धी सोसायटीने भोगलं आहे. तिथल्या लोकांना १९९७मध्ये ताबा मिळाला, ओसी मिळाली नाही. मालमत्ता कर २५ टक्के जास्त, पाणीपट्टी ५० टक्के जास्त, असं वर्षानुवर्षं भरून शेवटी त्यांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. २०२२मध्ये न्यायालयाने सांगितलं की, ओसी न मिळवणं ही बिल्डरच्या सेवेतली त्रुटी आहे आणि ती रोज नव्याने घडत राहते. ताबा आणि हा निकाल यांच्यात पंचवीस वर्षं गेली. तुमचे 'पंधरा दिवस' मी कुठल्या कॅलेंडरवर मोजू?

"रेराचा नंबर आहे ना, मग कसली शंका?" हेही मला ऐकवलं गेलं. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींनाही रेराचा नंबर होता. महापालिकेच्या खोट्या परवानग्या जोडून तो मिळवलेला होता. नोव्हेंबर २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. घरं घेणारे तिथे आधीपासून राहत होते, कर्जाचे हप्ते भरत होते. म्हणून मी बांधकाम परवानगीची प्रत मागितली, तेव्हा तुमच्या माणसाने चेहरा वाकडा करायला नको होता. माझ्या जागी तुमची मुलगी असती, तर तुम्ही तिला परवानगीचा कागद न बघता ८० लाख द्यायला सांगितलं असतं का?

आता त्या विषयाकडे येतो ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. दर, फ्लोअर राइज, स्टॅम्प ड्युटी, मॉड्युलर किचन, सणाचं सोन्याचं नाणं, या सगळ्यावर तुमची माणसं बोलायला तयार होती. तासभर बोलली. मी म्हटलं, "अॅग्रीमेंटचा मसुदा द्या, वकिलाला दाखवतो." त्या क्षणी सगळ्यांचं सौजन्य संपलं. "ते टोकननंतर मिळेल." "ते स्टँडर्ड असतं, सगळ्यांचं सारखंच." "एक शब्दही बदलत नाही आमच्याकडे."

एक शब्दही बदलत नाही. हे वाक्य तुम्ही अभिमानाने पाठ करून घेतलेलं दिसतं. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असाच एक करार आला होता, गुरुग्रामच्या एका प्रकल्पाचा. ग्राहकाने हप्त्याला उशीर केला तर त्याने १८ टक्के व्याज द्यायचं. बिल्डरने घराला उशीर केला तर त्याने ९ टक्के. न्यायालयाने अशा एकतर्फी अटींना अनुचित व्यापारी प्रथा म्हटलं, आणि ठिपक्यांच्या ओळीवर सही करण्यावाचून ग्राहकाला पर्याय नसेल तर त्या अटी त्याच्यावर बंधनकारक नाहीत, असं सांगितलं. रेराने तर व्याजदर दोन्हीकडे सारखा केला आहे. महाराष्ट्रात तो स्टेट बँकेचा सर्वांत वरचा एमसीएलआर अधिक २ टक्के असा आहे.

तुमचा मसुदा मला अखेर मिळाला. तुमच्याकडून नाही. आधी घर घेतलेल्या एका भल्या माणसाने आपली प्रत वाचायला दिली. रात्री जेवणं झाल्यावर बसून ती वाचली आणि झोप उडाली.

ताब्याच्या तारखेच्या कलमात तुम्ही 'आटोक्याबाहेरची कारणं' दिली आहेत: वाळूची टंचाई, मजुरांची टंचाई, सिमेंटचे भाव, सरकारी परवानगीला उशीर, आणि शेवटी 'विकासकास योग्य वाटेल असे अन्य कोणतेही कारण'. रेरा कायद्यात युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप आणि तशीच नैसर्गिक आपत्ती एवढंच आहे. सिमेंट महागलं म्हणून भूकंप झाला असं ठरवायचा अधिकार तुम्ही परस्पर घेतलात. राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, डिसेंबर २०२२मध्ये स्पष्ट केलं आहे की चार विषयांवरच्या कलमांना हात लावायचा नाही: अशी आपत्ती, कार्पेट क्षेत्र, पाच वर्षांचं दोषदायित्व आणि कन्व्हेयन्स. तुम्ही नेमका याच चार ठिकाणी हात घातला आहे. एक शब्दही न बदलणारे तुम्ही सरकारी नमुना मात्र बिनदिक्कत बदलता.

कन्व्हेयन्सचं कलम तर मी तीनदा वाचलं. जमीन सोसायटीच्या नावावर 'संपूर्ण लेआउटचा विकास विकासकाच्या समाधानानुसार पूर्ण झाल्यावर' होईल म्हणे. तुमचं समाधान कधी होणार? शिवाय पुढे मिळेल तो सगळा एफएसआय आणि टीडीआर, म्हणजे जादा बांधकामाचा हक्क, वापरायला, नकाशे बदलायला माझी आजच कायमची संमती लिहून घेतलीत. मंजूर नकाशा बदलायचा तर दोन तृतीयांश ग्राहकांची आगाऊ लेखी संमती लागते, आणि ती काय बदल होणार हे सांगून घ्यायची असते. कोऱ्या कागदावर घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे. जिथे आज तुमचं कारंजं आहे, तिथे उद्या चौथी विंग उभी राहिली तर मी कुणाला विचारायचं? महाराष्ट्रात हजारो सोसायट्यांची जमीन अजून बिल्डरच्या नावावर आहे. २००८मध्ये मोफात दुरुस्ती करून मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची सोय करावी लागली, ती तुमच्या व्यवसायातल्या अशाच समाधानी माणसांमुळे. पुनर्विकासाची वेळ आली की सत्तरीतले आजोबा सातबारा आणि प्रॉपर्टी कार्ड घेऊन उपनिबंधकाच्या कार्यालयात बाकावर बसलेले मी पाहिले आहेत. त्यांनी घराचे पैसे तरुणपणीच पूर्ण दिले होते.

पार्किंगचं थोडक्यात. चार लाख मागितलेत आणि नंबर 'पझेशनला' देणार. उघडं पार्किंग ही सगळ्यांची सामाईक जागा आहे, ती विकता येत नाही. स्टिल्टमधलं पार्किंग गॅरेज म्हणून विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मोफाखाली २०१०मध्येच सांगितलं. आच्छादित पार्किंग देणार असाल तर महारेराच्या एप्रिल २०२४च्या आदेशानुसार त्याचा क्रमांक, लांबी, रुंदी आणि उंची कराराला जोडा. खांबाला घासल्याशिवाय दार उघडत नाही अशा जागेचे चार लाख मी देणार नाही.

आणि पाणी. पुण्याच्या कडेला घर घेणाऱ्याला पाण्याचं विचारावंच लागतं, हीच मुळात लाजेची गोष्ट आहे. महापालिकेची लाइन येईपर्यंत पाणी आम्ही पुरवू, असं हमीपत्र तुम्ही परवानगी घेताना लिहून देता. आणि मसुद्याच्या मागच्या पानांवर तेच पाणी 'टँकरद्वारे, सोसायटीच्या खर्चाने' होतं. महापालिकेला एक सही, आम्हाला दुसरी. तुमच्या ब्रोशरमध्ये निळाशार जलतरण तलाव आहे. मी ज्या संध्याकाळी आलो, तेव्हा शेजारच्या तुमच्याच जुन्या सोसायटीच्या गेटवर तीन टँकर उभे होते आणि वॉचमन कुणाचा नंबर आधी, यावरून भांडण सोडवत होता. तिथल्या एका ताईंनी सांगितलं की मेंटेनन्सपेक्षा टँकरचा खर्च जास्त होतो. दोन वर्षांचा मेंटेनन्स तुम्ही आगाऊ घेतला होता, त्याचा हिशेब त्यांना अजून मिळालेला नाही.

साहेब, नफा मिळवा. जमीन महाग आहे, मंजुऱ्यांना वेळ लागतो, व्याज चढतं, हे सगळं मला मान्य आहे. दरात एक रुपयाही कमी करू नका, हवं तर. पण ओसी, कार्पेट, जमिनीची मालकी, पाणी, तारीख, हे सगळं कायद्याने आधीच माझं आहे. ते माझ्याकडून काढून घेऊन त्यातलं थोडंसं 'सवलत' म्हणून मला परत विकायचं, याला घासाघीस म्हणत नाहीत. याला फसवणूक म्हणतात, आणि ती तुम्ही एसी ऑफिसात, कॉफी पाजून, गणपतीच्या फोटोखाली बसून करता.

माझ्या मागण्या लेखी देतो. महारेराच्या नमुन्यातला, त्या चार कलमांना हात न लावलेला मसुदा. मंजूर नकाशा आणि बांधकाम परवानगीची प्रत. पाण्याच्या हमीपत्राची प्रत. शेवटचा हप्ता ओसी हातात आल्यावरच. आणि घर ताब्यात घेण्याआधी माझा माणूस ओल, तडे, फरशीचा उतार, नळ, वायरिंग तपासेल. जे निघेल ते दुरुस्त करून मगच ताबा. पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तीस दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा, हेही कायद्यात आहे. ते मसुद्यात 'विकासकाच्या निर्णयानुसार' कसं झालं, हे पण कळवा.

आणि हे पत्र वाचणाऱ्या, येत्या दसऱ्याला किंवा पाडव्याला टोकन द्यायला निघालेल्या माझ्यासारख्या सगळ्यांना एक विनंती. कोटेशनच्या कागदावर सगळ्यात आधी रेरा कार्पेट लिहून घ्या. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प उघडा, पण तिथे थांबू नका. महापालिकेत किंवा पीएमआरडीएत परवानगी आणि ओसी तपासा. त्याच बिल्डरच्या जुन्या सोसायटीत संध्याकाळी एक चक्कर मारा आणि दोन घरांची बेल वाजवा. मसुदा वकिलाला दाखवल्याशिवाय चेकबुक उघडू नका. 'ऑफर आज रात्री संपते' म्हणतील. संपू द्या. करार नोंदवल्याशिवाय घराच्या किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला रेराच्या कलम १३ने बिल्डरला बंदी आहे.

आपला,
अजून सही न केलेला एक ग्राहक